विश्लेषण : उपकरण गप्प, म्हणून यंत्र ठणठणीत?

२५ मार्च २००९ रोजी स्कॉटलंडमध्ये एका ‘सुपर प्युमा’ हेलिकॉप्टरच्या मुख्य गिअरबॉक्समधील चुंबकावर धातूचा एक बारीक कण सापडला. पुढे काय करायचे यावर हेलिकॉप्टर चालवणारी कंपनी आणि उत्पादक यांच्यात फोन झाले, ई-मेल झाले. नंतरच्या तपासण्यांत दुसरा कण मिळाला नाही. कंपने मोजणाऱ्या यंत्रणेनेही त्या भागाबद्दल इशारा दिला नाही. हेलिकॉप्टर उडत राहिले. ३६ उड्डाण-तासांनंतर, १ एप्रिल रोजी, उत्तर समुद्रातील तेलफलाटावरून कामगारांना घेऊन परतताना तो गिअरबॉक्स फुटला, मुख्य पंखा निखळला आणि हेलिकॉप्टरमधील सर्व १६ जण मृत्युमुखी पडले. यंत्राच्या तब्येतीवर एक सोडून दोन यंत्रणांची नजर होती, तरीही हे घडले. आज आपल्याकडच्या कारखान्यांतही कंपन, तेल, तापमान, विद्युतप्रवाह मोजणारी उपकरणे वेगाने येत आहेत. त्यांची उत्तरे एकत्र कशी वाचायची, हा प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी खरेदीच्या यादीत नसतो.

एकच उपकरण का पुरत नाही?

बेअरिंगचे उदाहरण घेऊ. पिठाच्या गिरणीपासून वीजकेंद्रातील पंख्यापर्यंत फिरणाऱ्या प्रत्येक यंत्रात ते असते आणि कुरबुरींची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते. बेअरिंग एका रात्रीत मरत नाही. आधी वंगणाचा थर पातळ होतो, धातूला धातू घासू लागतो आणि माणसाच्या कानाला ऐकू येणार नाही इतक्या उच्च कंप्रतेचा आवाज निघू लागतो. तो अल्ट्रासाउंड उपकरणाला कळतो. मग कडीच्या पृष्ठभागाखाली सूक्ष्म चीर पडते, ती वर येते आणि धातूची खपली निघते. आता प्रत्येक गोळी त्या खड्ड्यावरून जाताना एक ठोका देते. मोटर मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, म्हणजे सेकंदाला २५, आणि बेअरिंगमध्ये नऊ गोळ्या असतील, तर बाहेरच्या कडीवरील खड्ड्याचे सेकंदाला साधारण ९० ठोके पडतात. कंपनाच्या आलेखात नेमके तिथे टोक दिसले की तंत्रज्ञ बेअरिंगच्या कोणत्या भागाला इजा आहे तेही सांगतो. पुढे खपल्या वाढतात, तेलात कण दिसू लागतात. मग उष्णता वाढते. शेवटी ऑपरेटरला कानांनी खरखर ऐकू येते, तेव्हा हाताशी फार वेळ उरलेला नसतो.

बिघाडाची पहिली खूण दिसणे आणि यंत्र प्रत्यक्षात निकामी होणे यांच्यातील या मुदतीवर आधुनिक देखभालशास्त्र उभे आहे. युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅनली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी १९७८ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्यासाठी लिहिलेल्या अहवालाने ही कल्पना रुजवली.

मात्र प्रत्येक बिघाड याच क्रमाने येत नाही. मोटर आणि पंप एका रेषेत बसवलेले नसतील, ज्याला कारखान्यात ‘अलाइनमेंट गेलंय’ म्हणतात, तर कंपन पहिल्या दिवसापासून ओरडते आणि तेल स्वच्छ असते. पॅनेलमधील केबलचा जोड सैल असेल तर त्याचा पत्ता बहुधा थर्मल कॅमेऱ्यालाच लागतो. मोटरच्या रोटरमधील सळई तुटली तर विद्युतप्रवाहात खूण उमटते. रोटर दोन टक्के मागे रेंगाळत असेल, तर ५० हर्ट्झच्या मुख्य टोकाच्या दोन्ही बाजूंना ४८ आणि ५२ हर्ट्झवर दोन छोटी टोके उभी राहतात. म्हणजे प्रत्येक उपकरणाला स्वतःची खिडकी आहे आणि खिडकीला चौकट आहे.

ही चौकट नेमकी कुठे संपते?

उपकरणाच्या माहितीपत्रकात ते काय पाहते हे ठळक छापलेले असते. काय पाहत नाही, हे अनुभवाने कळते.

तेलाचेच पाहा. प्रयोगशाळेत पाठवलेल्या नमुन्याची वर्णपटमापीवर तपासणी होते आणि लोह इतके, तांबे इतके, असा अहवाल येतो. पण ही नेहमीची पद्धत साधारण आठ-दहा मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट मोजते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्या कणांच्या आकाराची कल्पना यावी. बेअरिंग किंवा दातेचाक गंभीरपणे तुटू लागते तेव्हा मोठ्या खपल्या पडतात आणि त्या या मोजणीत येत नाहीत. दुखणे वाढते आणि अहवाल ‘सामान्य’ राहतो. त्यासाठी फिल्टर उघडून पाहावा लागतो, किंवा चुंबकाच्या साह्याने कण काचेवर मांडून सूक्ष्मदर्शकाखाली वाचणारी फेरोग्राफी करावी लागते.

थर्मल कॅमेरा चकचकीत धातूसमोर फसतो. घासून लख्ख केलेली तांब्याची पट्टी तापलेली असली तरी कॅमेऱ्यात थंड दिसू शकते, कारण ती स्वतःची उष्णता कमी बाहेर टाकते आणि आजूबाजूची परावर्तित करते. जाणकार तंत्रज्ञ अशा ठिकाणी काळी टेप चिकटवून मगच मोजतो.

कंपनमापी संथ यंत्रांपुढे हतबल होते. आपल्या साखर कारखान्यांतील उसाचा रस काढणारे रोलर मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतात. चार धरले तर एका फेऱ्याला १५ सेकंद लागतात आणि दहा फेऱ्यांची नोंद हवी तर अडीच मिनिटे एका जागी थांबावे लागते. नेहमीच्या फेरीत तंत्रज्ञ एका बिंदूवर काही सेकंदच थांबतो. शिवाय इतक्या संथ ठोक्यात ऊर्जाच कमी असते. अशा बेअरिंगवर ‘व्हायब्रेशन ओके’ असा शेरा असेल तर त्याचा खरा अर्थ ‘पाहिले, पण दिसण्यासारखे काही नव्हते’ इतकाच होतो. तिथे ग्रीसमध्ये काय सापडते ते जास्त बोलते.

सुपर प्युमामध्ये काय घडले?

या हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सचा सर्वात वरचा भाग ग्रहमालेसारखा असतो. मधल्या दातेचाकाभोवती छोटी दातेचाके स्वतःभोवती फिरत प्रदक्षिणाही घालतात. यातील दुसऱ्या टप्प्याचे एक चाक चिरत गेले आणि फुटले. ब्रिटनच्या हवाई अपघात तपास शाखेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल वाचताना तीन गोष्टी खटकतात.

पहिली कंपनांची. संवेदक गिअरबॉक्सच्या स्थिर कवचावर बसवलेला, आणि आजारी चाक आत जागा बदलत फिरणारे. त्याचा ठोका बाहेर पोहोचेपर्यंत अनेक भागांतून जातो, इतर चाकांच्या गोंगाटात मिसळतो. यंत्रणा गप्प राहिली, कारण तिला ते ऐकणेच अवघड होते.

दुसरी गोष्ट त्याहून विचित्र आहे. ग्रहमालेच्या भागातून धातूचे कण खालच्या मुख्य भागात जाऊन नुकसान करू नयेत म्हणून मध्ये चुंबकांचे कडे बसवले होते. हेतू चांगला. पण कण शोधणारा मुख्य डिटेक्टर खालीच होता. म्हणजे यंत्राच्या संरक्षणासाठी केलेल्या सोयीने निदानाचा पुरावा मधल्या मध्ये अडवून ठेवला. त्या चुंबकांमुळे कण सापडण्याची शक्यता घटली, असे अहवाल स्पष्ट म्हणतो. ‘दुसरा कण मिळाला नाही’ या वाक्यातून मिळालेला दिलासा किती पोकळ होता, ते इथे कळते.

तिसरी गोष्ट माणसांची. कण कुठे सापडला, कोणती तपासणी करायची, यावर कंपनी आणि उत्पादक यांच्यातील तोंडी बोलणे आणि ई-मेल यांतून गैरसमज झाला. वरचा भाग उघडून ते चुंबक तपासले गेले नाहीत. हाती आलेला एकमेव खरा पुरावा २५ मार्चचा तो कण होता. नंतरच्या साऱ्या ‘काही नाही’ अशा नोंदींखाली तो दबून गेला. एक होकार आणि अनेक नकार अशी मतमोजणी केली तर नकार जिंकणारच. प्रश्न हा की नकार देणाऱ्यांना ते दिसू तरी शकत होते का?

मग दोन्ही उपकरणे सुधारली की प्रश्न सुटतो? सात वर्षांनी, २९ एप्रिल २०१६ रोजी, याच कुळातील ईसी २२५ हेलिकॉप्टर नॉर्वेत टुरॉय येथे कोसळले आणि १३ जण गेले. पुन्हा दुसऱ्या टप्प्याचेच दातेचाक. या वेळी चीर पृष्ठभागाखालून वाढली आणि खपल्या फारच कमी पडल्या. उपलब्ध देखभाल पद्धतींना आणि नजर ठेवणाऱ्या यंत्रणांना ही चीर सापडण्याची शक्यता कमी होती, असा निष्कर्ष नॉर्वेच्या तपास मंडळाने काढला. दोन वेगळी उपकरणे, पण दोघांचा आंधळा कोपरा एकच.

निष्कर्ष एकत्र करणे म्हणजे काय?

थोडे गणित करू. आकडे समजावण्यापुरते धरलेले आहेत. एका मोठ्या कारखान्यात १००० मोटारी आहेत आणि त्यातील १० मोटारींची बेअरिंग बिघडू लागली आहेत. एक उपकरण बिघाड असेल तर १०० पैकी ९० वेळा ओळखते आणि बिघाड नसताना १०० पैकी पाच वेळा उगाच बोंब मारते. ऐकायला चांगले उपकरण. ते फिरवले तर १० पैकी नऊ आजारी मोटारी सापडतील. उरलेल्या ९९० निरोगी मोटारींपैकी सुमारे ५० जणींवरही लाल खूण पडेल. म्हणजे ५९ इशाऱ्यांतले नऊच खरे. सहापैकी पाच वेळा फिटर मोटर उघडेल आणि आत काहीच नसेल. महिनाभरात तो या इशाऱ्यांकडे पाहणे सोडून देईल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

आता या ५९ मोटारींवर तितक्याच गुणवत्तेचे, पण वेगळ्या तत्त्वावर चालणारे दुसरे उपकरण लावा. खऱ्या नऊपैकी आठ टिकतील, खोट्या पन्नासांपैकी दोन-तीनच उरतील. आता दर चार इशाऱ्यांत तीन खरे. उपकरणांत काही सुधारणा न करता केवळ जोडीने वाचल्याने भरवसा १५ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांच्या पुढे गेला.

यात एक अट दडलेली आहे. दोघांच्या चुका एकमेकांपासून स्वतंत्र असाव्यात. दुसरे उपकरण म्हणून त्याच जागी त्याच जातीचा आणखी एक कंपनमापी लावला, तर पाया सैल असल्यामुळे पहिला जिथे फसला तिथेच दुसराही फसेल. ५९ चे ५९ राहतील आणि डॅशबोर्डवर मात्र ‘दोन संवेदकांनी दुजोरा दिला’ असे झळकेल. अनेक कारखान्यांत ‘मल्टी-सेन्सर’ या नावाखाली हेच विकले जाते.

दुसरी अडचण नियमाची. ‘दोघांनीही सांगितले तरच यंत्र थांबवा’ म्हटले तर खोटे इशारे कमी होतात, पण निसटणाऱ्या आजारी मोटारी एकवरून जवळपास दोन होतात. ‘दोघांपैकी एकानेही सांगितले तर थांबवा’ म्हटले तर दहाही आजारी मोटारी हाती येतात आणि त्यासाठी सुमारे ९७ निरोगी मोटारी उगाच उघडाव्या लागतात. कोणता नियम घ्यायचा हे गणित ठरवत नाही. ते पुढे काय पणाला लागले आहे यावर ठरते. गोदामातील पंख्याला पहिला नियम चालेल. १६ माणसे घेऊन समुद्रावर उडणाऱ्या यंत्राला चालणार नाही.

होकार-नकाराऐवजी प्रत्येक पुराव्याचे वजन धरूनही काम करता येते. अमेरिकेत ‘नासा’च्या ग्लेन संशोधन केंद्रात पॉला डेम्प्सी यांनी दातेचाकांच्या चाचणीयंत्रावर तेलातील कण आणि कंपने ही दोन्ही मोजमापे फझी लॉजिकने एकत्र केली. दातांवर खड्डे पडण्याचा बिघाड एकेकट्या मोजमापापेक्षा जोडीने अधिक भरवशाने ओळखता येतो, असे त्यात दिसले.

दोन उपकरणांचे पटले नाही तर?

इथे गणितही माणसाला तोंडघशी पाडू शकते. वेगवेगळ्या स्रोतांतील पुरावा जोडण्याची एक नावाजलेली पद्धत आर्थर डेम्प्स्टर यांच्या १९६७ च्या कामातून आणि ग्लेन शेफर यांच्या १९७६ च्या पुस्तकातून आली. ‘मला माहीत नाही’ यालाही ती पद्धत जागा देते, हा तिचा मोठा गुण. यंत्रांच्या निदानात ती भरपूर वापरली जाते. पण फझी लॉजिकचे जनक लोटफी झादे यांनी १९७९ मध्ये तिच्यातील एक सापळा दाखवला. त्यांचे उदाहरण दोन डॉक्टरांचे होते, आपण ते गिअरबॉक्सवर बसवू.

कंपनाचा तज्ज्ञ म्हणतो, ९९ टक्के अलाइनमेंट, एक टक्का दात चिरलेला. तेलाचा तज्ज्ञ म्हणतो, ९९ टक्के बेअरिंग, एक टक्का दात चिरलेला. ही दोन मते त्या नियमात टाकली तर उत्तर येते : दात चिरला आहे, १०० टक्के. ज्या शक्यतेवर दोघांचाही जवळपास विश्वास नव्हता, तीच निर्विवाद ठरते, कारण दोघांनाही अमान्य नसलेली ती एकटीच आहे. नियम मतभेद फेकून देतो आणि उरलेल्याला पूर्ण गुण देतो. पुढे रोनाल्ड यागर यांच्यासह अनेकांनी दुरुस्त्या सुचवल्या. यागर यांच्या पद्धतीत मतभेदाचा वाटा ‘माहीत नाही’ या खात्यात जमा होतो, आणि कार्यशाळेच्या दृष्टीने ते शहाणपणाचे आहे. दोन चांगली उपकरणे इतकी भांडत असतील तर बहुधा तिसरेच काही चुकले आहे. नमुना दुसऱ्याच गिअरबॉक्सचा होता, संवेदकाची वायर सैल होती, किंवा खरोखर दोन बिघाड एकाच वेळी आहेत. अलाइनमेंट बिघडले की त्याचा ताण बेअरिंगवर येतो आणि ते झिजते, ही तर रोजची गोष्ट. तेव्हा दोन्ही तज्ज्ञ बरोबर असतात. त्यांना एका टेबलावर बसवण्याऐवजी त्यांच्या आकड्यांची सरासरी काढणे हा सर्वात वाईट मार्ग.

सगळे आकडे मर्यादेत, तरी बिघाड?

३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री अमेरिकेतील ओहायो राज्यात ईस्ट पॅलेस्टाइन गावाजवळ मालगाडीचे ३८ डबे घसरले. त्यातील काहींत घातक रसायने होती. रहिवाशांना घरे सोडावी लागली आणि तीन दिवसांनी पाच टाक्यांतील व्हिनाइल क्लोराइड मुद्दाम बाहेर सोडून जाळण्यात आले. मूळ कारण एका डब्याचे तापलेले बेअरिंग. रुळांशेजारी तापमान मोजणारे संवेदक होते आणि त्यांनी चोख काम केले. पहिल्याने ते बेअरिंग बाहेरच्या हवेपेक्षा ३८ अंश फॅरनहाइट जास्त गरम असल्याचे नोंदवले. सुमारे १६ किलोमीटर पुढे, सेलम येथे, तो फरक १०३ अंश झाला. गाडी थांबवून तपासण्याची कंपनीची पहिली मर्यादा होती १७०. त्यामुळे चालकांना काही सांगितले गेले नाही. त्यापुढचा संवेदक ३० किलोमीटरवर. तिथे आकडा निघाला २५३. चालकाने ब्रेक लावले तोवर वेळ निघून गेली होती.

यातील पहिले दोन्ही आकडे ‘मर्यादेत’ होते. पण ते शेजारी ठेवले तर १६ किलोमीटरमध्ये जवळपास तिप्पट वाढ दिसते. शिवाय बाहेरून मोजलेले तापमान बेअरिंगच्या आतील अवस्था कमीच दाखवते, हे अपघात तपास मंडळाने नोंदवले. अपघातानंतर त्या रेल्वे कंपनीने बेअरिंगचा आवाज ऐकणारे ध्वनिसंवेदक वाढवण्याचे जाहीर केले. उष्णता हा उशिरा येणारा साक्षीदार आहे. आवाज आधी येतो.

एकेक आकडा मर्यादेत असूनही त्यांचा मेळ विचित्र असणे, हे ओळखण्याची एक युक्ती भारतीय आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडलेले ‘महालनोबिस अंतर’ आज जगभर यंत्रांच्या निदानात वापरले जाते. मोटरवर भार ४० टक्के असताना तिचे तापमान ७० अंश आहे. ४० टक्के भार नेहमीचा, ७० अंशही नेहमीचे. पण आजवर ७० अंश पूर्ण भारावरच दिसत असतील, तर ही जोडी बिघाडाची खूण आहे. हे अंतर आकडे सुटे न मोजता, ते एरवी एकमेकांबरोबर कसे चालतात याच्या तुलनेत मोजते. महालनोबिस यांना ही कल्पना माणसांच्या शरीरमापांची तुलना करताना लागली. सुगर मिलच्या टर्बाइनला ती उपयोगी पडेल असे त्यांच्या मनातही नसेल.

एआयने हे सुटेल का?

मदत नक्की होईल. पण ‘९९ टक्के अचूक’ असे सांगणारे बरेच शोधनिबंध अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने खुल्या केलेल्या एकाच विदासंचावर बेतलेले आहेत. त्यातील बेअरिंगना विद्युत ठिणगीने मुद्दाम, ठरावीक मापाची छिद्रे पाडलेली आहेत. कार्यशाळेतील बेअरिंग असे नेमके बिघडत नाही. ते धुळीने, चुकीच्या ग्रीसने, हातोड्याने ठोकून बसवल्याने, हळूहळू आणि गलिच्छपणे बिघडते. त्यामुळे विक्रेत्याला एक प्रश्न विचारावा : तुमच्या यंत्रणेने ‘बिघाड’ म्हटल्यावर किती वेळा यंत्र उघडून पाहिले आणि आत काय सापडले? ही नोंद नसेल तर ती यंत्रणा कधीच शिकत नाही.

आपल्याकडे काय करता येईल?

कौशल्य आपल्याकडे नवे नाही. मोठ्या रेल्वे स्थानकांत गाडी शिरताना फलाटाच्या टोकाशी बसलेले कॅरेज-वॅगन विभागाचे कर्मचारी पाहिले असतील. ते चाकांचा आवाज ऐकतात, खाली काही लोंबते का पाहतात, आणि गाडी थांबली की तापमापीने ॲक्सल बॉक्सचे तापमान घेतात. कान, डोळा आणि उपकरण यांची सांगड एका माणसाच्या डोक्यात बसलेली असते. रेल्वेने आता चाकांचा आवाज आणि ठोके टिपणाऱ्या स्वयंचलित यंत्रणाही काही मार्गांवर बसवल्या आहेत.

कारखान्यात गाडे अडते ते कागदावर. कंपनाचा अहवाल एक एजन्सी देते, तो मेकॅनिकल विभागाकडे जातो. थर्मोग्राफी विम्याच्या किंवा ऑडिटच्या निमित्ताने वर्षातून एकदा होते, ती इलेक्ट्रिकल विभागाच्या कपाटात. तेलाचा अहवाल वंगण पुरवणारी कंपनी मोफत करून देते, आणि मोफत असल्यामुळे तो कोणी वाचत नाही. ऑपरेटरने लॉगबुकात लिहिलेले ‘रात्री आवाज जास्त’ हे तर कोणत्याच अहवालात नसते. एकाच यंत्राचे चार साक्षीदार चार खोल्यांत बसलेले असतात. नवे सॉफ्टवेअर घेण्याआधी प्रत्येक महत्त्वाच्या यंत्राची एकच फाइल करता येते. तिच्यात चारही नोंदी तारखेनुसार एकाखाली एक लावायच्या. यासाठी फारसा खर्च येत नाही. विभागांच्या भिंती मात्र पाडाव्या लागतात, म्हणून ते अवघड जाते.

त्या फाइलमध्ये आणखी एक रकाना हवा. ‘काही आढळले नाही’ या प्रत्येक शेऱ्यापुढे, हा बिघाड असता तर या उपकरणाला दिसला असता का, याचे उत्तर : होय, नाही, सांगता येत नाही. संथ रोलरवरील कंपनाच्या नोंदीपुढे ‘नाही’ लिहिले की तो नकार आपोआप मोजणीतून बाद होतो आणि ग्रीसमधल्या कणाचे वजन वाढते. २५ मार्च २००९ नंतरच्या तपासण्यांपुढे असा रकाना असता, तर त्यात काय लिहावे लागले असते?

आणि थांबवायचे कोणी? गळीत हंगामात मिल बंद ठेवण्याची किंमत तासागणिक मोजली जाते. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग असते, शेतकऱ्याचा ऊस वाळत असतो. अशा वेळी चीफ इंजिनीअरला ‘तीन अहवाल ठीक आहेत ना, मग चालू द्या’ म्हणणे फार सोपे जाते. म्हणून ‘कोणत्या दोन खुणा एकत्र दिसल्या तर कोणालाही न विचारता मिल थांबवायची’ हे हंगामापूर्वीच, डोके थंड असताना, लेखी ठरवायला हवे. त्या कागदावर सही कार्यकारी संचालकांची हवी, आणि थांबवण्याचा अधिकार रात्रपाळीच्या फोरमनकडे.